नानाजींच्या चुलत भावाचे सुतक

चार दिवसांत आपल्या हरभऱ्यात एकही वानर दिसणार नाही, असे नानाजींनी १९६३ च्या माघात पारावर जाहीर केले. आर्णीजवळच्या त्या गावात निवृत्त ओव्हरसियर ते एकटेच. नागपूरला तांत्रिक शिक्षण घेतल्यापासून त्यांनी आकृतीवाचून एकही विधान केले नव्हते. म्हणून त्यांनी फरशीवर खडूने आधी जंगल काढले, मग त्यातून रस्ता काढला.

"मोह गेला, टेंभुर्णी गेली, बिबट्याही गेला. खायला काही नाही आणि भ्यायला कोणी नाही, म्हणून वानर शेतात उतरले. दोष त्याचा नाही."

"मंग रस्ता कोनं काढला?" पोलीस पाटील भगवानरावांनी विचारले.

रस्ता नानाजींच्याच देखरेखीखाली झाला होता. तो मुद्दा त्यांनी पुढील व्याख्यानासाठी राखून ठेवला आणि ते मानवाच्या उत्पत्तीकडे वळले. दोन फांद्यांचे झाड काढून म्हणाले, "वानर आपला आजोबा नव्हे. मूळ पूर्वज एक, शाखा दोन. तो या फांदीवर, आपण त्या फांदीवर. फार तर चुलत भाऊ."

मंडळींनी मान डोलावली. एवढा अचूकपणा माणसाला महागात पडतो, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही.

नानाजींचा उपाय म्हणजे उंच बांबूवर बसवलेला पत्र्याचा पंखा. वारा आला की तो फिरे आणि खाली टांगलेले डबे असे वाजत, की शेजारच्या गावची ढोरेही बिथरत. दोन दिवस वानरे फिरकली नाहीत. तिसऱ्या दिवशी टोळीतला म्हातारा हुप्प्या बांबूवर चढला आणि तहसीलदार खुर्चीत बसावा तसा पंख्यावर बसला. बांबू मोडला. हुप्प्या विहिरीच्या दगडी काठावर पडला आणि जागीच गेला. टोळी निंबावर चिडीचूप बसून राहिली. हरभऱ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

वानर मेले की ते गावाचे मयत, ही तिथली रीत. तिरडी बांधायची, भजन म्हणत नेऊन पुरायचे आणि कोणीतरी एकाने डोके भादरून सुतक धरायचे. दर वेळी त्या एकासाठी अर्धा दिवस वाद चाले. यंदा चालला नाही.

"नानाजी, न्हावी बोलावला हाय," भगवानराव म्हणाले.

"माह्यासाठी? काहून?"

"चुलत भाऊ तुमचा. तुम्हीच तं फरशीवर काढून दाखवला."

"ते शास्त्र हाय, पाटील."

"सुतकबी शास्त्रच हाय. दहा दिवस."

नानाजींनी बोटांवर दिवस मोजले. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलीचे, नलूचे, साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता. नलूचे तेविसावे सरत आलेले, दोन स्थळे आधीच फिरलेली. उमरखेडचे हे तिसरे स्थळ मोठ्या मुश्किलीने जमले होते.

"सुतक सातच पिढ्यांचं असते," त्यांनी निकराने सांगितले. "ही फांदी फुटून दोन-तीन कोटी वर्षं झाली."

"पिढ्या मोजल्या काय तुम्ही?"

"अंदाज हाय."

"अंदाजावर सुतक सुटत नाही, बापा. नाहीतं चारचौघांत म्हना, का आपुन ते उगीच बोललो. वांदर आपला कोनी नाही. लगेच सोडून देतो."

"अहो, म्हणून टाका ना एकदाचं," त्यांच्या पत्नी तानाबाई मागून कुजबुजल्या. "पोरीचं पाहा."

नानाजींनी दोन्ही बाजू पद्धतशीरपणे तोलल्या. केस पुन्हा येतात आणि साक्षगंध पुढे ढकलता येते. पण मागे घेतलेले सत्य पुन्हा पारावर नेता येत नाही. ते न्हाव्यापुढे बसले. मिशीही गेली.

साक्षगंध लांबवण्याचे पत्र उमरखेडला वेळेत पोचले नाही. चौथ्या दिवशी मुलाचे वडील देवराव दोन माणसांसह मोटारीतून उतरले आणि नानाजींचे डोके पाहून अंगणातच थबकले.

"कोन गेलं?"

"चुलत भाऊ," पाहुण्यांना वाट दाखवत सोबत आलेल्या भगवानरावांनी सांगितले. "उंचावरून पडले."

मग त्यांनीच पाहुण्यांना हुप्प्याला पुरले होते तिथला मातीचा ताजा ढिगारा आणि त्यावरचे भगवे निशाण दाखवून आणले. देवराव परतले ते डोळे पुसत.

"खरं सांगतो, नानाजी. सोयरीक मोडाले आलतो. तुम्ही म्हनता का मानूस वांदराचा भाऊबंद हाय, असं आमच्या इकडे आयकू आलतं. अन् इथं तं तुम्ही मारुतीरायासाठी डोस्कं देल्लं. सुतक फिटलं का साक्षगंध पक्कं. फकस्त एक डाव तुमच्या तोंडानं सांगा. तसं काही म्हनले नाही ना तुम्ही?"

नानाजींनी दाराकडे पाहिले. दाराआड नलू उभी होती. त्यांच्या सगळ्या आकृत्या वहीत शाईने उतरवून ठेवणारी गावात ती एकटीच. भगवानराव निंबाकडे पाहत राहिले.

"नाही," नानाजी म्हणाले.

सुतकाच्या घरचे पाणीही न घेता पाहुणे समाधानाने गेले. नलू बाहेर आली.

"बाबा, नाहीच म्हनाचं होतं, तं डोस्कं काहून भादरलं?"

मुलीच्या कोणत्याही प्रश्नाला मुद्देसूद उत्तर देणाऱ्या नानाजींनी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"ऊन लागून राह्यलं," ते म्हणाले. "टोपी दे."