सुमनआत्या आणि गार पाणी

रोहा-पनवेल पॅसेंजरमध्ये माझ्या शेजारी बसलेली सुमनआत्या काठापदराची साडी नेसली होती आणि साडीच्या आत, गळ्यापासून घोट्यापर्यंत, तिने पाणबुड्याचा काळा रबरी सूट घातला होता. जानेवारीतली सकाळ. गाडीतली बाकीची माणसं शाली लपेटून बसलेली, आणि आत्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. चेहरा मात्र शाळा तपासणीच्या दिवशी असायचा तसा, सरळ आणि गंभीर.

निडीला एक भाजीवाली चढली. आत्याला खेटून बसली. थोड्या वेळाने तिने आत्याच्या दंडाला हळूच बोट लावून पाहिलं.

"बाय, तुजा आंग असा कसा गो लागतो? टायरसारका."

"वाताचं आहे," आत्या म्हणाली.

नागोठण्याला उतरताना भाजीवालीने विचारलं, हे गुडघ्याला पण चालतं का. आत्याने विचार केला आणि म्हणाली, "घट्ट हवं. सैल घेतलंस तर उपयोग नाही."

सुमनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. रोह्याच्या शाळेत तिने तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण गावात तिची ख्याती विज्ञानापेक्षा थंडीसाठी जास्त. मे महिन्यात रोह्यातली माणसं ओल्या पंच्याने अंग पुसत ओसरीवर पडलेली असतात, तेव्हा आत्या बाजारात स्वेटर घालून फिरायची. तिच्या वर्गात पंखा लावायला बंदी होती. कुणी हसलं तर म्हणायची, "उष्णता जास्तीकडून कमीकडे जाते. हा नियम आहे, नाजूकपणा नाही." आंघोळीचं पाणी इतकं कढत घ्यायची, की बाहेर येताना दारातून आधी वाफ यायची आणि मग आत्या.

तर अशी ही आत्या, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका रविवारी पेणला आमच्या घरी आली, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली आणि मला म्हणाली, "मला धरमतरच्या खाडीत पाण्याखाली जायचंय. तुझ्या ओळखीचं कोण आहे?"

ओळखीचं होतं. मी धरमतरला एका बार्ज कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. तिथे दामूभाऊ नावाचे डायव्हर होते. बार्जच्या पंख्यात दोर अडकला किंवा जेट्टीचा खांब तपासायचा असला, की पाठीला सिलिंडर बांधून दामूभाऊ खाली उतरायचे. आणि त्यांना हे काम शिकवलं होतं आमच्या अण्णांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी. अण्णा सगळी हयात रोह्याहून धरमतरला येऊन-जाऊन करत होते. ते जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पाण्यात नव्हे, घरीच, झोपेत गेले.

त्यामुळे माझी आई म्हणाली, "अण्णांच्या आठवणीनं चाललंय हिचं."

"आठवणीला सिलिंडर कशाला लागतो, वहिनी?" आत्याने विचारलं.

दामूभाऊंनी आधी चक्क नाही म्हटलं. "वैनी, खाडीत काय बगाय नाय. निस्ता गाळ हाय. सोताचा हात दिसत नाय."

"बघायला नाही जायचंय."

"आनि थंडी? तुमी उन्हाळ्यात सोटर घालता. अण्णाच सांगायचे."

आत्याने अंगावरचा स्वेटर सारखा केला. मग म्हणाली, "परीक्षा घ्या."

दामूभाऊ सुटकेसाठी म्हणाले, वीस मिनिटं गार पाण्यात बसून दाखवा, न कुडकुडता. जबडा वाजला की नापास. आमच्या परसात विहीर होती. आत्या दुसऱ्या रविवारी पहाटे तिच्या पायरीवर गळ्यापर्यंत पाण्यात बसली आणि हसत वर आली. दामूभाऊंनी नुसती बोटं बुडवून पाहिली. "हिवाळ्यात विहीर कोमट आसते, वैनी. तुमी शाळंत शिकवलंव आसंल ना?" आत्याचा चेहरा उतरला. शिकवलं होतं तिने.

मग हौद ठरला. उघड्यावरचा सिमेंटचा हौद, आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेला. आत्याने अण्णांचा जुना सूट पेटीतून काढून आणला होता. तो तिला इतका सैल, की आत दोन स्वेटर घातले. उतरल्याबरोबर गार पाणी गळ्यातून शिरलं, पायातून बाहेर पडलं, पुन्हा गळ्यातून शिरलं. स्वेटर पाणी पिऊन फुगले. चौथ्या मिनिटाला जबडा वाजायला लागला आणि आत्याला उठताच येईना. मी, आई आणि शेजारच्या पापडवाल्या सुलभावहिनी अशा तिघांनी मिळून तिला वर ओढलं. सुलभावहिनी म्हणाल्या, "पोह्याचं पीठ सोपं असतं हो मळायला."

दामूभाऊंनी त्या दिवशी नाद सोडा म्हणायला हवं होतं. पण ओल्या स्वेटरात थरथरत आत्याने विचारलं, "चुकलं कुठे ते सांगा," आणि दामूभाऊ बसलेच. जन्मात त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. सांगायला लागले ते थांबेनात. सूट अंगाला कातडीसारखा बसला पाहिजे, आतलं पाणी हललं नाही की ते अंगाच्या उबेने तापतं. डोकं झाकायचं, निम्मी ऊब तिथूनच पळते. ("निम्मी नाही," आत्या म्हणाली, "पण झाकते.") पोटात भात असावा, दारूचा थेंब नसावा. उतरण्याआधी थर्मासमधलं गरम पाणी गळ्यातून सुटात ओतायचं, म्हणजे खाडीचं पाणी शिरायला जागाच उरत नाही. हात उगाच मारायचे नाहीत. आणि हुडहुडी भरली की मोठेपणा न करता वर यायचं.

आणखी एक उपाय त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितला. तो मी आत्याला सांगितला नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनेच आईसमोर शांतपणे सांगितला. "सुटात लघवी केली तर दोन मिनिटं ऊब मिळते, नंतर तोटाच. मी नाही करणार."

मुंबईहून तिच्या मापाचा सूट आला. पुन्हा हौद. या वेळी दामूभाऊ मासळीच्या बर्फाची अर्धी लादी घेऊन आले आणि हौदात सोडली. जीभ जड होते का हे कळावं म्हणून आत्याने पाढे म्हणायचे ठरलं. ती एकोणीसपासून सुरू झाली. एकोणतीसच्या पाढ्यावर मीच अडखळलो, ती नाही. वीस मिनिटं झाली तेव्हा दामूभाऊंनी टोपी काढली. "चला, वैनी. तोंडानं श्वास घ्यायला शिकवतो."

पुढचे दोन महिने आत्या दर रविवारी त्याच हौदात, तळाशी बसून श्वास घेत होती. वर फक्त बुडबुडे यायचे. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आई सांगायची, "आमच्या वन्सं आहेत."

आणि मग ती गाडीतली सकाळ. मी आदल्या रात्रीच तिला आणायला रोह्याला गेलो होतो. जेट्टीवर पुरुषांसमोर कपडे बदलायचे नाहीत म्हणून रोह्याहूनच सूट घालून निघालेली. दामूभाऊंनी तिला घामाने भिजलेली पाहिली आणि कपाळावर हात मारला. "घाम आला म्हंजे ऊब गेली, वैनी." मग ऑफिसच्या खोलीत, पेणहून परस्पर आलेल्या आईने तिला कोरडं केलं, आमटीभात खाऊ घातला आणि गळ्यातून गरम पाणी ओतलं.

भरती भरून पाणी थांबलं तेव्हा दोघं शिडीवरून उतरले. दोन पुरुष उंचीएवढं पाणी, दहा मिनिटं. आत्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात होता. मी एकदा ओढला की तिने एकदा ओढायचं, म्हणजे ठीक. पाच वेळा उत्तर आलं. सहाव्यांदा आलं नाही. मी पुन्हा ओढला. काही नाही. खाली चहासारखं पाणी, त्यात काही दिसेना. आई माझ्या खांद्याला धरून उभी होती आणि तिची नखं मला रुतत होती. मी ओढून घ्यायला सुरुवात करणार, तेवढ्यात दोराला एक बारीकसा हिसका बसला. मग दोघं वर आले.

दामूभाऊ भडकले होते. "खाली हातमोजा काढलान वैनींनी. मी हात धरायला गेलो तं नागडा हात. दोर धरायचा तो हात."

वाऱ्याच्या आड, खोलीत नेऊन आईने आत्याचा सूट सोलला, अंग पुसलं, दोन घोंगड्या घातल्या, तेव्हा मला आत बोलावलं. आत्या कुडकुडत नव्हती. फक्त उजवा हात घोंगडीबाहेर ठेवला होता. बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. मी तो चोळायला घेतला, तर तिने मागे ओढला.

"राहू दे. तापवू नकोस."

आणि तिने तो हात स्वतःच्या मानेवर, कानाखाली ठेवला. अंग शहारलं तिचं, पण हात तिथेच.

"अण्णा संध्याकाळी घरी यायचे ना," ती म्हणाली, "मी चुलीपाशी असायची. मागून येऊन गार हात इथे लावायचे. गंमत म्हणून. मी दरवेळी किंचाळायची. लांब व्हा म्हणायची. पुढे पुढे त्यांनी सोडूनच दिलं. आल्यावर आधी हात शेकायचे, मग आत यायचे."

आई चहा गाळता गाळता थांबली.

आत्या तसाच हात धरून बसली, त्याला ऊब येईपर्यंत. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "इतकं काही गार नव्हतं रे."