परत मागितलेलं वाण

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर यंदाचं माझं लोणचं टिकू नये, बरणी उघडली की वर बोटभर बुरशी दिसावी. लोणच्यावर मी उठसूट शपथ घेत नाही, तेव्हा मुकाट्यानं ऐका.

नाशकात हिरावाडीला गोदावरी नावाची बाई राहते. तिच्या पोळ्या अख्ख्या पंचवटीत प्रसिद्ध, कारण ती एका हातानं लाटते. डावा हात कमरेवर, उजव्या हातात लाटणं, आणि पोळी आपली आपण गोल फिरत जाते न् शेवटी तव्यावर उडी मारते. मी डोळ्यांनी पाहिलंय.

अशा बाईला दुःख काय असावं? तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती काय लुटते, हे कुणाच्या लक्षातच राहत नसे. चहाची गाळणी झाली, कंगवे झाले, प्लास्टिकच्या वाट्या झाल्या. शेजारची मैना दरवर्षी विचारायची, "वहिनी, मागच्या खेपेला तुमच्याकडनं काय मिळालं होतं हो?" आणि हे विचारताना मागच्या खेपेच्याच वाटीतनं तिळगूळ खात असायची.

यंदा गोदावरीच्या भावानं, कुंदननं, नांदगावचं आपलं औषधाचं दुकान बंद केलं आणि उरलेलं एक खोकं बहिणीकडे आणून टाकलं. त्यात मलमाच्या साठ ट्यूबा.

"ताई, रामबाण आहे. नायटा, गजकर्ण, पुरळ, काही असो. लावलं की दोन दिवसांत खाज गप्प."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी कोण येतंय सांगायला?"

गोदावरीला स्वतःला खाज म्हणजे काय ते माहीत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. पण वाणाचा प्रश्न सुटला. तिनं प्रत्येक ट्यूबेला तिळगुळाची पुडी बांधली, पांढऱ्या टोपणावर हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि साठ जणींच्या ओटीत टाकलं.

आणि वाणाचं नाव झालं. आठवड्यात मैना धावत आली. "वहिनी, आमच्या ह्यांच्या मांडीवरचं गजकर्ण गेलं की हो." समोरच्या रोहिणीनं ती ट्यूब तोंडाला चोपडली, तर चार दिवस अशी गोरी दिसली की नवऱ्यानं दार उघडल्यावर "कोण पाहिजे?" विचारलं. एकेका ट्यूबेवर अख्खं घर चालू लागलं. गोदावरी रस्त्यानं चालताना पदर जरा जास्तच सावरू लागली.

फेब्रुवारीत तिच्या मुलाचं, देवव्रतचं, लग्न झालं. सून आली अपूर्वा, शिकलेली, गोड, आणि चामडीची डॉक्टर.

चैत्राच्या तोंडाशी एके दिवशी जेवताना अपूर्वा म्हणाली, "आई, आज परत तेच. रुपयाएवढा नायटा होता, आता ताटाएवढा झालाय. सगळे आपल्याच भागातले आणि सगळ्यांनी एकच मलम लावलंय. त्यात स्टेरॉइड असतं. वरनं खाज दबते न् आत बुरशी मजेत वाढते. कातडी कागदासारखी पातळ होते ती वेगळीच. हे कोण वाटतंय ते सापडू दे मला."

"सापडलं तर काय करशील?" गोदावरीनं जरा हळूच विचारलं.

"पोस्टरवर फोटो लावीन."

त्या दिवशी पोळी तव्याऐवजी गॅसवर पडली.

"मी शिबिर घेणार आहे," अपूर्वा पुढे म्हणाली, "पुढच्या रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये. जे जे लावलं असेल ते घेऊन या म्हणून सांगणार."

सासरे यज्ञेश्वर भाताचा डोंगर फोडत म्हणाले, "रविवारी सकाळी? नाशकात मिसळ सोडून खाज दाखवायला कोण येणार गं?"

गोदावरीला ते ऐकून थोडं बरं वाटलं, पण थोडंच. दोन महिन्यांत ही सून तिला मनापासून आवडायला लागली होती. 'आमच्या आईंना विचारते' असं ती चारचौघांत म्हणायची. आता तीच पोर आपल्याकडे कुठल्या नजरेनं बघेल, ह्या धास्तीनं गोदावरीनं मळलेली कणीक परत मळली. तिनं ठरवलं, रविवारच्या आत साठच्या साठ ट्यूबा परत आणायच्या.

पहिली गाठली मैना. "ती ट्यूब दे बरं जरा परत."

मैनाच्या हातातलं सूप खाली आलं. "वाण परत? वहिनी, सवाष्णीला दिलेलं वाण कुणी परत मागतं का? आमच्या ह्यांच्या वाईटावर आहात की काय तुम्ही?"

"अगं, बदल्यात स्टीलचा डबा देते."

तिथेच चुकलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की गोदावरी एका ट्यूबेला एक डबा देतेय. मग त्या ट्यूबेत काहीतरी असणार. ज्यांनी फेकली होती त्यांनी माळ्यावरनं शोधून काढली. ज्या कधीमधी लावत होत्या त्या तीन वेळा लावू लागल्या. एकीनं माहेरी एकलहऱ्याला पाठवली. भांडी घासायला येणारी लंकाबाई तर म्हणाली, "काकू, माझी ट्यूब घोटीला गेली. भावजयीला लय गुण आला. आता ती म्हशीला लावती."

"म्हशीला कशाला गं?"

"तिला पन खाज हाय ना."

पाच दिवसांत गोदावरीला तीन ट्यूबा मिळाल्या. त्यातली एक रिकामी होती आणि एक टूथपेस्टची.

रविवार उजाडला. यज्ञेश्वर मिसळ खाऊन आले, तर रांग फाटकाबाहेर. त्यांना वाटलं सोसायटीत कुणीतरी गेलं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि पुढच्या माणसाला हळूच विचारलं, "कधी झालं?"

"संक्रांतीनंतर," तो म्हणाला, "आधी मांडीलाच होतं."

नावं लिहून घ्यायच्या टेबलावर गोदावरी आपण होऊन बसली होती. येणाऱ्याचं नाव लिहायची आणि म्हणायची, "ट्यूब इकडे द्या, मी ठेवते नीट." ट्यूब सरळ टेबलाखालच्या पिशवीत. कुणी म्हणालंच, "अहो काकू, ही तर तुम्हीच..." की गोदावरीला जोरात खोकला यायचा. अकरा वाजेस्तोवर खोकून खोकून तिचा घसा बसला, आणि अपूर्वानं प्रेमानं तिला पाणी आणून दिलं न् जाताना पिशवी उचलली.

"आई, नमुने आहेत ना हे? द्या इकडे."

अपूर्वानं पिशवी सगळ्यांसमोर टेबलावर पालथी केली. अडतीस ट्यूबा. कुंकू केव्हाच पुसलं गेलं होतं, पण प्लास्टिकवर बसलेली हळद कुठे जाते? अडतीसच्या अडतीस टोपणं पिवळी.

"हे कुणी दिलं तुम्हाला?" अपूर्वानं विचारलं.

कुणी पंख्याकडे बघतंय, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. वाण परत मागितलं म्हणून बायका रुसल्या होत्या खऱ्या, पण सुनेदेखत सासूचं नाव घ्यायचं म्हणजे फार झालं. शेवटी रोहिणी ओढणीआडून बोलली. बिचारीचं तोंड लाल होऊन त्यावर पुटकुळ्या उठल्या होत्या. "मेडिकलमधनं आणली."

"कुठल्या?"

"ते... कारभारींच्या."

मेडिकलवाले कारभारी रांगेत चौथे उभे होते, मनगट खाजवत. "माझ्याकडे हे मलम ठेवतच नाय मी," ते म्हणाले. "माझ्या बायकोला तर ही..." बायकोनं त्यांच्या पायावर पाय दिला आणि कारभारी मिटले.

अपूर्वानं फोन उचलला. "ठीक आहे. चिठ्ठीशिवाय असलं औषध विकायचं म्हणजे काय? आत्ताच तक्रार करते."

कारभारींचा चेहरा पांढरा पडला. तरी माणूस तोंड उघडेना. गोदावरीला ते बघवलं नाही. ती उठली. बसलेल्या घशानं म्हणाली, "ठेव तो फोन. त्यांचा काही संबंध नाही. मी वाटलं. हळदीकुंकू लावून."

अपूर्वानं फोन टेबलावर ठेवला.

"माहितीये मला," अपूर्वा म्हणाली.

"माहितीये? मग कारभारींचा जीव कशाला काढलास?"

"फोन लावलाच नव्हता. तुम्ही स्वतः सांगाल का ते बघत होते." मग तिनं आवाज खाली आणला. "आणि आई, माझ्या मागच्या शिबिराला सहा माणसं आली होती. त्यातली दोन पंख्याखाली बसायला. खाज कुणी दाखवत नाही हो, लपवतात. आज एकशे दहा आलेत."

मग तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं. हे मलम बंद. डॉक्टरनं दिलेलं औषध पूर्ण मुदत घ्यायचं, चट्टा दिसेनासा झाला तरी. ज्याचा टॉवेल त्यालाच. कपडे कडक उन्हात. आणि गोरं व्हायला तोंडाला असलं काही लावायचं नाही. रोहिणीनं ओढणी आणखी खाली ओढली. लंकाबाईनं म्हशीचं विचारलं. अपूर्वा म्हणाली, "तिला ढोरांच्या डॉक्टरकडे न्या."

पोस्टरचा शब्दही तिनं पाळला. हॉलच्या दारावर आता गोदावरीचा हसरा फोटो आहे आणि खाली लिहिलंय: 'कुणीही दिलेलं मलम लावू नका. माझ्या सासूबाईंनी दिलं तरी.' कधी नव्हे ते सगळ्या पंचवटीला गोदावरीचं वाण पाठ झालं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिनं पन्ह्याबरोबर प्रत्येकीला एकेक पंचा दिला. मैनानं तो छातीशी धरला आणि म्हणाली, "वहिनी, एवढा तरी परत मागू नका."

शिबिराच्या दुपारी ओट्याशी उभ्या उभ्या गोदावरीनं सुनेला विचारलं होतं, "तुला कळलं तरी कधी?"

"लग्नानंतर चौथ्या दिवशी. मलमाचं रिकामं खोकं ओट्याखाली होतं, आणि तुम्ही पोळ्या लाटत होतात."

गोदावरीनं कमरेवरचा डावा हात काढला. तिनं दोन्ही हातांनी लाटणं धरलं.

आता लोणच्याचा प्रश्न आहे म्हणून सांगून टाकते. एवढ्या गोष्टीत एकच गोष्ट मी पदरची घातली. गोदावरीला स्वतःला खाज माहीत नव्हती म्हटलं ना, ते खोटं. नायटा होता. डाव्या कमरेला, निऱ्यांच्या जरा वर, कुणाला दिसत नाही अशा जागी. पोळी एका हातानं लाटायची ती काही हौस म्हणून नाही.