तेराचे चौदा

हॉटेलातल्या संगणकांची जोडणी बघणाऱ्या विल्फ्रिदोने छाती काढून सांगितलं, "दोन्या क्लेओफे, वायर एकच, पण वाटा तीन! ऑफिसची अकरा नंबरची, पाहुण्यांची तेरा, स्वयंपाकघराची चौदा. या टोकाचा नेटवर्क स्विच प्रत्येक निरोपावर नंबराची चिठ्ठी चिकटवतो. त्या टोकाचा ती वाचतो, फाडून टाकतो आणि निरोप बरोबर दारात पोचवतो. कुणाचं कुणाला कळायचं नाही!"

मोम्पोसच्या नदीकाठच्या त्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी यातून एकच शब्द उचलला.

"तेरा? माझ्या छताखाली? बाराच्या खोलीशेजारी चौदाची खोली आहे, ती काय मला मोजता येत नाही म्हणून? काढ तो! उद्या तिसऱ्या ताऱ्यासाठी तपासनीस येतोय. तारा हुकला, तर तुझं काम माझ्या भाच्याला!"

विल्फ्रिदोने बाईंच्याच रीतीने तेराचे चौदा केले. चौदावर स्वयंपाकघर आधीच ठाण मांडून बसलंय, हे घाईत विसरला. स्विचला काय त्याचं? नंबर एकच, म्हणजे घरही एकच!

दुसऱ्या दिवशी तपासनीस उरुएता खोलीतच जेवले आणि लॅपटॉपवर अहवाल लिहायला बसले. कागदावर प्रत हवी म्हणून त्यांनी स्क्रीनवर हॉटेलचा प्रिंटर शोधला. एकच दिसला. रिसेप्शनचा असणार, म्हणून बटण दाबलं.

खाली स्वयंपाकघरात ऑर्डर छापणारं यंत्र किरकिरलं. आचारीण तोमासाने पट्टी फाडली. 'सांकोचोचा रस्सा कोमट. मासा खारट. कॉफी थेट नदीतून काढलेली.'

डाव घेऊनच ती वर गेली. "नदीतून काय हो? नदीतून?"

उरुएतांचे डोळे विस्फारले. "पण... मी तर अजून कुणाला बोललोसुद्धा नाही!"

"स्वयंपाकघराला सगळं कळतं! हे गरम सांकोचो आणलंय. खा माझ्यासमोर."

निमूट खाल्लं. ती जाताच त्यांनी भर घातली, 'आचारीण भीतिदायक', आणि पुन्हा बटण दाबलं.

"भीतिदायक कोण?" तोमासा पुन्हा दारात! या खेपेला हातात तळलेला मासा.

खाली विल्फ्रिदोने कचऱ्याच्या डब्यातली पट्टी वाचली आणि चूक त्याच्या लक्षात आली: पाहुणे आणि स्वयंपाकघर एकाच नंबरावर! तो तडक स्विचकडे धावला, पाहुण्यांना पंधरावर हलवलं आणि कबुलीजबाब पाठ करत बाईंसमोर उभा राहिला. बाईंच्या हातात उरुएतांचा पक्का अहवाल होता. 'या हॉटेलात तक्रार ओठांवर येण्याआधीच निवारली जाते. अशी सेवा राजधानीतही नाही. तिसरा तारा द्यावा.'

"बाई, मला एक सांगायचंय—"

"काही सांगू नकोस!" बाईंनी त्याला मिठीच मारली. "तेरा गेला आणि तारा आला! मी म्हटलं नव्हतं?"

विल्फ्रिदोने कबुलीजबाब गिळला. "म्हटलं होतंत, बाई."

"मग आता एवढं कर. तो कॅलेंडरातला तेरा तेवढा काढ. तुला जमतं ते!"