डाव्या कोपऱ्याचा नमस्कार

"पाच मिनिटं खेळ बघायचा, खेळाडूची अख्खी कुंडली मांडून देतो!" असं भाऊराव साटम येताजाता म्हणत आणि बोरीवलीच्या त्यांच्या कबड्डी मंडळातली पोरं येताजाता माना डोलवत. न डोलवून करतात काय? मंडळाच्या खोलीची किल्ली भाऊरावांकडे असे.

सध्या त्यांनी कुंडली मांडली होती खंडूची. खंडू डाव्या कोपऱ्यात खेळे. समोरचा गडी चढाईला आला की वाकून त्याचा घोटा धरायचा, हे कोपऱ्यातल्या गड्याचं काम. खंडूच्या बापाची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. अंधेरीच्या एका औषध कंपनीच्या संघात निवड झाली, तर पोराला खेळाबरोबर कायमची नोकरी मिळणार होती. घरदार त्या नोकरीकडे डोळे लावून बसलं होतं.

रविवारी कंपनीचे क्रीडाधिकारी काशीराम पेडणेकर खेळ बघायला आले. साहेब स्वतः एके काळचे नावाजलेले चढाईपटू. आता पोट सुटलं होतं, पण चाल अजून मांजराची. भाऊराव त्यांच्या कानाला चिकटले.

"साहेब, पोराला घाई म्हणून नाही. पाय पुढे आला तरी हा ढिम्म! पाय मागे सरकला रे सरकला की झडप! मीच घोटवून घेतलंय."

"आणि उणं काय?"

"मान वर करत नाही. माणसं पायांवरून ओळखतो. परवा माझ्या चपला घालून मेव्हणा आला, तर त्यालाच भाऊकाका म्हणाला!"

साहेब हसले नाहीत. खंडूनं ओळीनं तीन गडी बाद केले तरी हसले नाहीत. खेळ संपल्यावर एवढंच म्हणाले, "खेळ बघितला. आता पोरगा बघतो. कंपनीत चारचौघांत वावरायचं तर वळण पाहिजे. नुसती पकड घेऊन काय करू?"

"मग चहाला घरी चला ना! वळण बघाच!" भाऊरावांनी छाती फुगवली. वाटेत खंडूला बाजूला घेऊन दटावलं, "घरात गेलं की साहेबांना वाकून नमस्कार करायचा. पायांना हात लावून. तोंडातून ब्र काढायचा नाही. कळलं?"

"हो भाऊकाका," खंडू त्यांच्या चपलांना म्हणाला.

भाऊरावांनी सगळा विचार केला होता. एकच राहिला. आपल्याकडे कुणी पाया पडायला वाकलं की वडीलधारी माणसं काय करतात?

साहेब बूट काढून उंबऱ्याच्या आत आले. आतून भाऊरावांच्या पत्नी सुगंधावहिनी चहाचा ट्रे घेऊन निघाल्या. भाऊरावांनी डोळा मारला. खंडू अगदी सुरेख वाकला.

"अरे, राहू दे, राहू दे!" म्हणत साहेबांनी पाय मागे घेतला.

झालं! खंडूच्या दोन्ही हातांनी घोट्याला कुलूप ठोकलं. साहेब पालथे, ट्रे उलटा, चहा सगळीकडे!

"गे बाय माझे!" वहिनी किंचाळल्या.

"सोड रे! साहेब आहेत ते!" भाऊराव ओरडले. पण पकडीत असताना खंडूला काही ऐकू येत नसे. हे उणं कुंडलीत मांडायचं राहून गेलं होतं.

तेवढ्यात पालथ्या पडलेल्या साहेबांच्या तोंडून आवाज आला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आणि साहेब कोपरांवर सरपटत उंबऱ्याकडे निघाले! मागे घोट्याला लोंबकळत खंडू. त्यांना उचलावं म्हणून भाऊरावांनी साहेबांची कंबर धरली. त्यामुळे साहेबांना आणखीच चेव आला. त्यांनी सगळा जीव गोळा करून हात लांबवला आणि मैदानाची मधली रेषा गाठावी तशी उंबऱ्यावर थाप मारली.

"दोघं बाद!"

साहेबांची पँट गुडघ्यावर फाटलेली, शर्टावर चहा. भाऊरावांनी कपाळावर हात मारला. पोराची नोकरी गेली, आणि गेली ती आपल्यामुळे! खंडू तर रडायच्या बेतात आला होता.

साहेब उठून बसले आणि पोट धरून हसायला लागले.

"वीस वर्षांत माझा घोटा असा कुणी धरला नव्हता! उद्या सकाळी अंधेरीला ये रे. तुझी नोकरी पक्की."

"आणि... वळण, साहेब?" भाऊरावांना गप्प बसवेना.

"वाकला ना तो नमस्काराला? चूक माझी. कोपऱ्याजवळ पाय मागे घ्यायचा नसतो, हे मी विसरलो."

खंडूनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरून आले होते. मग तो वळला आणि भाऊरावांच्या पायांशी वाकला.

भाऊराव आता शहाणे झाले होते. दोन्ही पाय खांबासारखे रोवून म्हणाले, "हे बघा साहेब, पाय हलवला नाही की पोरगं म्हणजे निव्वळ गाय!"

एवढ्यात सांडलेला चहा पुसायला सुगंधावहिनी फडकं घेऊन आल्या.

"अहो, जरा पाय उचला बघू."

इतक्या वर्षांच्या संसारात भाऊरावांनी बायकोचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशीही शब्द पडला नाही. भाऊराव पडले.