तीन जंतू आणि मदतीचा ओघ

अंगठ्यात लाकडाचे कुसळ शिरले, तेव्हा जागेवर हजर होते ते असे: कुसळ एक, त्यावर बसून आलेले जंतू तीन, पहाऱ्यावरची भक्षक पेशी एक, मास्ट पेशी एक आणि भिंतीला लागून राहणारी कातडीची पेशी एक. या शेवटच्या पेशीला सगळे वहिनी म्हणत. वहिनींना नुकतीच मुलगी झाली होती. मुलगी अक्षरशः आईचा अर्धा भाग होती.

भक्षक पेशीला सगळे काका म्हणत. काकांनी तिन्ही जंतू गिळले आणि ढेकर दिला. प्रकरण मिटले.

पण जंतू दिसला की सायटोकाइन सोडायचे, असा नियम होता. सायटोकाइन म्हणजे प्रथिनाचा इशारा: इथे धोका आहे, धावत या, जागा सुजवा. काकांनी थोडे सोडले.

"काका, झालं ना सगळं?" वहिनींनी विचारले.

"झालं हो. हे आपलं नियमापुरतं."

इशारा मास्ट पेशीपर्यंत पोहोचला. सूज आणणारी रसायने भरून ठेवणाऱ्या या पेशीला मावशी म्हणत. मावशीने जंतूंची चौकशी न करता घरातले होते नव्हते ते सगळे बाहेर ओतले, वर स्वतःचेही सायटोकाइन सोडले.

"अहो मावशी, जंतू संपलेत!"

"संपले असतील. पण इशारा मिळूनही ही ढिम्म बसली, असं उद्या कुणी म्हणायला नको."

मावशीचा इशारा काकांना मिळाला. तो आपल्याच इशाऱ्याचा परिणाम असावा, अशी त्यांना दाट शंका आली. पण शंकेची तरतूद नियमात नव्हती. त्यांनी दुप्पट सोडले.

मग रक्तातून न्यूट्रोफिल, म्हणजे लढाऊ पांढऱ्या पेशी, आले. तरणीताठी पोरे, आयुष्य जेमतेम दिवसा-दोन दिवसांचे. थांबून विचार करायला सवड कुणाला?

"कुठाय शत्रू?"

"माझ्या पोटात."

"म्हणजे तुम्ही सामील आहात!"

काका समजावेपर्यंत त्यांनी दिसेल तिथे जहाल फवारणी केली आणि रिवाजाप्रमाणे आपलेही सायटोकाइन सोडले. वहिनींची भिंत फाटली. वहिनी किंचाळल्या. फाटक्या पेशीतून जे सांडते, तेही नियमाने धोक्याचा इशाराच असते.

"हल्ला वाढतोय! आणखी माणसं बोलवा!"

"अरे गाढवांनो, ती तुम्हाला घाबरून ओरडतेय!"

"कुणाला का घाबरेना. धोका आहे, हे तर खरं ना?"

काखेतल्या गाठीच्या मुख्यालयातून टी पेशी आली. ही शिकलेली, मोजके बोलणारी.

"पहिला इशारा कुणी सोडला?"

काकांनी मावशीकडे पाहिले, मावशीने न्यूट्रोफिलांकडे, त्यांनी वहिनींकडे.

"म्हणजे सर्वांनीच. मग प्रकरण गंभीर आहे," टी पेशी म्हणाली आणि तिने सगळ्यांत कडक सायटोकाइन सोडले. काकांचे अंग पेटून उठले.

"काका, मी गेले तर चालेल," वहिनी म्हणाल्या, "पण पोरीचं बघा काहीतरी."

काकांना आणखी एक सायटोकाइन बनवता येत होते: 'शांत व्हा' सांगणारे. ते सोडणाऱ्याला 'मग आधी कशाला बोंब मारलीत?' असे विचारले जाई, म्हणून कुणी पहिल्यांदा सोडत नसे. काकांनी डोळे मिटून सोडले.

कुणी काही विचारले नाही. सगळे नुसतेच ओशाळले. मावशी आवराआवर करू लागली. न्यूट्रोफिल जागच्या जागी मेले. काकांनी त्यांनाही गिळले. वहिनींनी भिंत लिंपायला घेतली.

"ठणका कमी झाला हो, काका."

हे अंगठ्याच्या मालकालाही जाणवले. खरेच दुखायचे थांबले का, हे पाहण्यासाठी त्याने कोणताही समजूतदार माणूस करतो तेच केले: दुसऱ्या अंगठ्याने दाबून पाहिले. पहिल्यांदा नीटसे दुखले नाही, म्हणून जरा जोरात दाबले.

जंतूंनी मारलेल्या पेशी: शून्य. मदतीला आलेल्यांनी मारलेल्या: चार हजार दोनशे. दाबून पाहताना मेलेल्या: वहिनींना धरून सहाशे एक.