धर्मा खवल्याची ओळखपरेड

एका जंगलात वीज कधी जात नसे, कारण ती आलेलीच नव्हती. तेव्हा बाळांनो, या गोष्टीत कॉम्प्युटर नाही. काल तुमच्या ताईने लॅपटॉपवर काहीतरी कामाचं घ्यायला बटण दाबलं आणि लाल चौकोन उगवून 'धोका, धोका' म्हणून बोंबलला, त्याच्याशी या गोष्टीचा काडीचा संबंध नाही. असलाच तर तो ताईने बघावा. आपण जंगलातलं बघू.

या जंगलात धर्मा खवले नावाचं एक खवले मांजर राहायचं. त्याला मांजर का म्हणतात हे त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. दूध पीत नाही, उंदीर धरत नाही, म्याव म्हणत नाही. अंगावर कौलं घातल्यासारखे खवले. पुढच्या पायांना कुदळीसारखी नखं. तोंडात दात एकही नाही, त्याऐवजी ही एवढी लांब जीभ.

काम एकच. बिळात शिरायचं, वाळवी शोधायची, चाटून साफ करायची. वाळवी मुळं खाते. मुळं गेली की बिळाचं छप्पर बसतं. धर्मा वाळवी खायचा आणि छप्पर राहायचं. मजुरी म्हणाल तर ती वाळवीच. इतकं सरळ काम जगात दुसरं नसेल, आणि म्हणूनच ते कोणाला पटत नव्हतं.

झालं होतं असं, की जंगलात हेर फार माजले होते. कोणीतरी गोड बोलून बिळात यायचं. पिलं किती, निजतात कधी, मागचं भोक कुठे निघतं, सगळं बघून जायचं आणि बिबळ्याच्या कानात सांगायचं. मग एके दिवशी बिबळ्या मागच्या भोकापाशीच जांभया देत बसलेला असायचा.

घाबरून बिळवाल्यांनी दारोदार टिटव्या नेमल्या. टिटवी म्हणजे ती हो, आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपते ती. एवढं मोठं आभाळ जिने आजवर पडू दिलं नाही, तिला एक बीळ काय जड आहे, असा सगळ्यांनी विचार केला. हुशार मंडळी.

टिटव्यांचं काम मात्र चोख. पान हललं की ओरड. पान हलायचं थांबलं की, का थांबलं म्हणून ओरड.

"आमची दुपारची पण ओरडते," ससा सांगायचा.

"आमची तर मलाच आत घेत नाही," घूस म्हणायची. आणि कौतुकाने म्हणायची.

आता या जंगलात जांभळीच्या मुळाशी वेणू साळिंदरीण राहत होती. तिला दोन पिलं, दोन्ही वांड. एकदा पिलांच्या जेवणात वरून माती पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. वेणूने भिंतीला कान लावला. आत कुरकुर, कुरकुर. तिने धर्माला निरोप धाडला : भाऊजी, लवकर या, छप्पर डोक्यावर यायची वेळ आली आहे.

धर्मा आला. दाराशी पाय पुसले. दारात ठकूताई टिटवी उभी होती.

"कोण?"

"धर्मा खवले. वहिनींनी बोलावलंय. वाळवी काढायची आहे."

"आत शिरून?"

"बाहेरून कशी निघेल, ताई?"

ठकूताईने त्याची नखं पाहिली. मग जीभ पाहिली. मग अशी बोंब ठोकली की नदीपलीकडची टिटवी जागी झाली आणि तीही ओरडली. तिचं ऐकून डोंगरावरची ओरडली. बघता बघता सगळ्या जंगलात एकच गलका : खवल्या हेर आहे, खवल्या हेर आहे.

धर्मा घाबरला. आणि खवले मांजर घाबरलं की स्वतःला गुंडाळून घेतं. पणजोबांपासूनची रीत. झाला त्याचा चेंडू.

"बघा, गुंडाळून घेतलं," ठकूताई जमलेल्या लोकांना म्हणाली. "आत काही लपवलेलं असल्याशिवाय कोण गुंडाळतं?"

"आत मी आहे," चेंडू आतून म्हणाला.

"ऐका. कबूल पण करतोय."

वेणू धावत बाहेर आली. "अगं बाई, मीच बोलावलं होतं त्यांना."

"तुम्ही गप्प बसा, वहिनी. फसलेला नेहमी हेच म्हणतो."

सशाने एक लाथ घातली आणि चेंडू घरंगळत ओहोळात गेला. सशाला कोणाला लाथ मारायची संधी फारशी मिळत नाही. त्याने ती सोडली नाही.

अंग वाळल्यावर धर्मा चौकशीला निघाला. नदीपलीकडच्या टिटवीला त्याने विचारलं, "तू मला पाहिलंसुद्धा नव्हतंस. मग ओरडलीस का?"

"ठकूताई ओरडली. ती काय उगीच ओरडेल?"

मग तो ठकूताईकडे आला. दारापासून लांब उभा राहिला.

"खरं सांगू?" ठकूताई म्हणाली. "मला नुसती शंका होती. पण मग सगळ्याजणी ओरडल्या. एवढ्याजणी काय उगीच ओरडतील?"

"पण ताई, मी काहीच केलं नव्हतं."

"असशील चांगला. मी कुठे नाही म्हणते? पण तू ओळखीचा नाहीस."

"ओळखीचा कसा होऊ?"

"चार बिळांतून काम कर. लोक बघतील. ओळख होईल."

"मग जाऊ द्या ना बिळात."

"अनोळखी माणसाला कसं जाऊ देणार?"

धर्माने डोकं खाजवलं. खवल्यांवरून नखं फिरवली की खर्रखर्र आवाज होतो. ठकूताई दोन पावलं मागे सरली.

"आणि ती आतली वाळवी?" धर्माने विचारलं. "ती घर खातेय. तिच्यावर नाही ओरडत?"

"तिच्यावर कशाला? मी नोकरीला लागले तेव्हा ती आतच होती. घरची आहे ती." मग ठकूताई जरा मऊ पडली. "हे बघ खवल्या, मनात काही ठेवू नकोस. चोर आला आणि मी ओरडले नाही, तर माझी नोकरी जाते. तू आलास आणि मी ओरडले, तर माझं काय जातं?"

धर्मा ओहोळाकाठी जाऊन बसला. तिथे बापूराव कोल्हा पाणी पीत होता. हा बिबळ्याचा सगळ्यात जुना हेर. तो रोज बिळाबिळांतून हिंडायचा, आणि त्याच्यावर टिटवी कधी शिंकलीसुद्धा नव्हती.

"काय खवले, तोंड पाडून?"

धर्माने सगळं सांगितलं. बापूराव पोट धरून हसला.

"तुझं चुकतंय कुठे सांगू? तू काय करणार ते लोकांना कळेल असं सांगतोस. चल, बघ माझी गंमत."

बापूरावाने पानात जांभळं घेतली आणि सशाच्या दारात गेला. "फुकट जांभळं," म्हणाला. ससा टुणकन बाहेर आला. मग बापूरावाने डोळे मिटले आणि पुराण लावलं : अमुक ऋतूतली अमुक झाडाची जांभळं, ती खाल्ल्याने पोट दुखल्यास देणारा जबाबदार नाही, बिया कोणाच्या यावर वाद झाल्यास निवाडा डोंगरापलीकडे, जांभळं ठेवायला देणारा आत येईल, आल्यावर पिलं मोजील, मोजलेलं ज्याला सांगायचं त्याला सांगील, देठ परत मिळणार नाहीत...

"हो हो, सगळं कबूल," ससा मध्येच म्हणाला. त्याचा जीव जांभळांत.

"मालकच हो म्हणाले," सशाची टिटवी म्हणाली आणि बाजूला झाली.

बापूराव आत जाऊन, सगळं बघून, मिशा पुसत बाहेर आला. "शीक काहीतरी," तो धर्माला म्हणाला.

हसू नका, बाळांनो. तुमचे बाबा मोबाईलवर रोज हेच करतात, आणि त्यांना जांभळंसुद्धा मिळत नाहीत.

धर्माला हे जमेना. त्याने एकदा जांभळं नेऊनही पाहिली, पण दारात उभं राहिल्यावर त्याच्या तोंडून खरंच निघालं. पुन्हा बोंब, पुन्हा चेंडू, पुन्हा ओहोळ.

इकडे वेणूच्या घरात माती आता मुठीमुठीने पडू लागली. शेवटी ती खवळली. तिने काटे उभे केले आणि ठकूताईला सांगितलं, "भाऊजी आत आले नाहीत, तर उद्यापासून दारात घुबड बसवीन. ते निदान दिवसा तरी झोपतं."

घुबडाचं नाव निघाल्याबरोबर टिटव्यांचं धाबं दणाणलं. कातळावर सगळ्याजणी जमल्या. धर्माला मध्ये उभं केलं. वरून पाहिलं, खालून पाहिलं, दगडावर आपटून पाहिलं.

"तुझी ही नखं धोक्याची आहेत," एक म्हणाली.

"त्यांनी खणतो."

"जीभ तर फारच लांब आहे. एवढी जीभ आत घालायची म्हणजे हेरगिरीच."

"त्याच जिभेवर वाळवी येते, बाई."

"आणि ते गुंडाळणं बंद."

"ते मी करत नाही, ते होतं."

फार खल झाला. अखेर टिटव्यांनी निवाडा दिला, की खवल्या निर्धोक आहे. फक्त त्याची नखं वेलींनी बांधावीत, जिभेला गाठ मारावी, आणि मग त्याने खुशाल आत जावं. त्याच्या कपाळावर निर्धोक म्हणून पांढरा शिक्काही उमटवला. शिक्का कसला होता ते विचारू नका. पक्षीच ते.

धर्मा वेणूच्या दारात आला. ठकूताईने शिक्का पाहिला आणि वाकून नमस्कार केला. "या, खवलेसाहेब."

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर कोणी ओरडलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

आत वाळवीचं जेवण चाललं होतं. धर्माला पाहून ती क्षणभर थांबली. मग तिला जिभेची गाठ दिसली. ती पुन्हा जेवायला लागली.

"भाऊजी, करा ना सुरू," वेणू म्हणाली.

"ऊं."

"काय?"

"ऊं ऊं."

तेवढ्यात वरचं मोठं मूळ कडाकडा वाजलं. या आवाजाचा अर्थ साऱ्या जंगलात एकट्या धर्माला कळत होता. पळा, असं त्याला सांगायचं होतं. वेणू उभी होती, पिलं पायात लोळत होती, आणि जिभेला गाठ. त्याने मानेने दार दाखवलं. पिलांना वाटलं काका नाचतायत. तीही नाचायला लागली. मूळ पुन्हा कडाडलं, आणि धर्मा घाबरला. घाबरल्यावर काय होतं? झाला चेंडू.

ठकूताईने आत डोकावलं. निर्धोक प्राण्याने गुंडाळून घेतलेलं पाहिलं आणि दिली ठेवून एक बोंब.

"झालं हिचं सुरू," वेणू म्हणाली. "थांब भवाने, आज तुझी मानच पिरगळते." आणि ती तरातरा बाहेर गेली. पिलंही मागोमाग पळाली. आई भांडायला निघाली की पोरांना घरात राहवत नाही.

ती तिघं बाहेर पडली आणि मागे धप्प करून छप्पर बसलं.

लोक धावले. ढिगारा पाहिला. वेणू आणि पिलं धडधाकट पाहिली.

"ठकूताई ओरडली म्हणून वाचली," ससा म्हणाला.

"याला म्हणतात राखण," घूस म्हणाली.

ठकूताईला सगळ्यांनी वाजतगाजत कातळावर नेलं. सत्कार झाला. नारळ दिला. टिटवीला नारळ फोडता येत नाही, पण तिने घेतला. भाषणात ती म्हणाली, "माझ्या राखणीत एकही हेर घर पाडून पळून जाऊ शकला नाही. तो खाली गाडला गेला."

धर्माला कोणी शोधलंच नाही. एक वेणू तेवढी माती उपसत होती. पण पणजोबांचं गुंडाळणं कामाला आलं होतं. खवल्यांच्या आत धर्मा ठणठणीत होता. वेली तुटल्या होत्या. तो वर आला, नखाने जिभेची गाठ सोडवली, आणि ढिगाऱ्यावर बसून समोर दिसेल तेवढी वाळवी साफ केली. कोणी ओरडलं नाही. टिटव्या सत्काराला गेल्या होत्या, आणि आत जायला आता दारच उरलं नव्हतं.

"पोट भरलं, भाऊजी?" वेणूने विचारलं.

"भरलं. पण तुमचं घर गेलं, वहिनी."

"दुसरं खणू. नखं मोकळी आहेत ना?"

दोघांनी मिळून किंजळीच्या झाडाखाली नवं बीळ खणलं. चांगलं ऐसपैस झालं. धर्मा ओहोळात अंग धुऊन आला, शिक्काही धुतला, आणि म्हणाला, "येतो मग."

"कुठे येता? बसा आत. उद्या सकाळी ठकूताई राखणीला येणार आहे. मी नको म्हटलं, तर लोक मला वेड्यात काढतात. नारळवाली टिटवी म्हणे नशिबाने मिळते." वेणूने त्याच्यापुढे पाण्याचा द्रोण ठेवला. "तिने वाळवीला काय म्हटलं होतं? आधीपासून आत असतं ते घरचं. मग तुम्ही पण आधीपासून."

सकाळी ठकूताई आली. आत येऊन तिने घरची माणसं बघून घेतली. वेणू, एक पिलू, दुसरं पिलू. मग कोपऱ्यात पाहिलं.

"हे कोण?"

"आमचे भाऊजी."

"कधीपासून?"

"बीळ आहे तेव्हापासून."

"मग घरचे." ठकूताईने धर्माकडे नीट न्याहाळून पाहिलं. "नखं काय छान आहेत हो तुमची. त्या मेल्या खवल्याची अगदी अशीच होती, पण चोराची. मी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

"हो का?" धर्मा म्हणाला. आणि मागच्या भिंतीत कुरकुर ऐकू आली तिकडे जेवायला गेला.

तात्पर्य : चांगलं वागा, लोक आपोआप ओळखतील, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. शिकवू द्या, त्यांनाही पोट आहे. तुम्ही चांगले व्हा नाहीतर वाईट व्हा, पण जे व्हायचं ते राखणदार नेमायच्या आधी आत बसून व्हा. दाराबाहेर उभा राहिलेला सज्जन हा फक्त बाहेरचा असतो.