प्रयोगापुरता गळका नळ

स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायचा नाही, हा निर्णय मी पूर्ण विचारांती घेतला. (आळस हे त्यामागचे कारण नव्हते. आळशी माणूस गळणाऱ्या नळाची मोजदाद करत नाही. मी केली होती: मिनिटाला सरासरी बेचाळीस थेंब, तीन वेळा मोजून.)

कारण माझा प्रबंध होता. प्रौढ माणसांना कोणत्या पद्धतीने शिकवले असता त्यांची प्रेरणा, मूल्ये आणि अभिवृत्ती बदलतात, हे मला तपासायचे होते. पहिला आराखडा मार्गदर्शक बाईंनी परत पाठवला तेव्हा समासात त्यांच्या अक्षरातली एकच ओळ होती: ‘कागदावर छान आहे. एखाद्या खऱ्या घरात करून पाहा.’ दुसऱ्या कुणी हा शेरा मोघम मानला असता. मी तो शब्दशः घेतला. कारण माझ्या माहितीत खरे घर एकच होते, आणि त्यातला नळ गळत होता.

सत्राच्या अखेरीस बाई स्वतः पाहणीला येणार होत्या. त्यांची सही झाली नाही, तर प्रबंध एक वर्ष पुढे जाणार होता. वर्षभराचा उशीर ही इतरांना फार मोठी गोष्ट वाटणार नाही. पण गुडघ्याच्या उपचारांसाठी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि दर रविवारी त्यांना बहिणीचा फोन येत असे. पलीकडून ‘जावई काय करतात?’ असा प्रश्न आला की सासूबाई घरात कुणी आजारी असल्यासारखा आवाज खाली आणत आणि सांगत, “ते अजून शिकतायत.” हे वाक्य मला याच वर्षी कायमचे बंद करायचे होते.

इमारतीतली आठ माणसे मी जमवली. सरासरी वय अठ्ठावन्न. सुरुवातीला प्रत्येकाकडून अभिवृत्तिमापनाची प्रश्नावली भरून घेतली. ‘घरातले काही बिघडले तर सर्वप्रथम मला काय वाटते?’ या पहिल्याच प्रश्नापुढे सासूबाईंनी लिहिले, ‘माणूस बोलवावा.’ वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळी इमारत हेडसर म्हणते, त्यांनी लिहिले, ‘हा प्रश्न सदोष आहे.’ तळमजल्यावरच्या शिंप्यांनी काहीच लिहिले नाही. प्रश्नावलीचा कागद चांगला जाड आहे, असे मात्र आवर्जून सांगितले.

चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. सोमवारच्या गटाला मी व्याख्यान देणार होतो. गुरुवारच्या गटाला प्लंबर एकदाच सगळे दाखवणार, आणि मग त्यांनी स्वतः करायचे, एकमेकांना शिकवायचे. दोन्ही गटांत तासाच्या शेवटी एकाने नळ दुरुस्त करायचा आणि मी वेळ नोंदवायची. सासूबाईंची चिठ्ठी सोमवारची निघाली, हेडसरांची गुरुवारची. (प्लंबर तासभर दाखवून गेला. जाताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नोंदवण्याची सोय माझ्या तक्त्यात नव्हती.)

पहिल्या गुरुवारी हेडसरांनी जाहीर केले की त्यांनी चौतीस वर्षे शिकवले आहे आणि आता या वयात ते शिकणार नाहीत. मग त्यांनी बाह्या सरसावल्या, पाना मागून घेतला आणि सव्वीस मिनिटांत नवा वॉशर बसवून दाखवला. नळ थांबला. उद्घाटनाची फीत कापून पाहुणे मागे सरकतात, तसे ते दोन पावले मागे सरकले. संध्याकाळी बायको दवाखान्यातल्या प्रयोगशाळेतून घरी आली, तिने शांत नळाकडे पाहिले आणि लग्नानंतर प्रथमच माझ्या विषयाबद्दल एक चांगला शब्द काढला.

इथे माझ्या लक्षात एक पद्धतिशास्त्रीय अडचण आली. सोमवारच्या गटाला न गळणारा नळ मिळणार होता. दोन्ही गटांना समान परिस्थिती मिळाली नाही, तर संशोधनाला अर्थ काय राहतो? म्हणून शुक्रवारी दुपारी, बायको कामावर आणि सासूबाई व्यायामाला गेलेल्या असताना, मी ओट्याखालचा छोटा व्हॉल्व्ह बंद केला, नवा वॉशर काढला आणि जुना परत बसवला. मिनिटाला बेचाळीस थेंब. मी समाधानाने नोंद केली.

सोमवारच्या गटाने नळ थांबवला. मंगळवारी मी तो पुन्हा गळता केला. गुरुवारी थांबला, शुक्रवारी गळला. जुना वॉशर मोकळा असे तेव्हा तो एका पाकिटात राही आणि पाकीट माझ्या खिशात. पाकिटावर मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘जुना वॉशर (झिजलेला). समान परिस्थितीसाठी. फेकू नये.’ नळ बिघडवण्यात माझा हात हळूहळू इतका बसला की शेवटी शेवटी ते काम मी सहा मिनिटांत करू लागलो. उलट दिशेचा अनुभव मात्र मला नव्हता, आणि संशोधकाने प्रयोगात हस्तक्षेप करू नये, या तत्त्वामुळे तो घेण्याचा प्रश्नही नव्हता.

“काल तर थांबला होता,” बायको म्हणाली.

मी म्हणालो की प्रौढ अध्ययनात पुनरावृत्तीला फार महत्त्व असते. (हे विधान सत्य आहे. ते तिच्या बोलण्याचे उत्तर नव्हते, एवढेच.)

हेडसर दर शुक्रवारी संध्याकाळी काही ना काही निमित्ताने खाली येत. कधी वर्तमानपत्र परत करायला, कधी मागायला. येऊन ते ओट्यापाशी क्षणभर उभे राहत, थेंब पाहत आणि परत जिना चढून जात. ज्यांच्या नुसत्या खोकण्याने सबंध वर्ग उभा राहत असे, असा हा माणूस. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःचा पाना विकत आणला; तो ते रुमालात गुंडाळून आणत. शिंपी मला जिन्यात अडवून वॉशरची जाडी विचारू लागले. चार-चार जण पायऱ्यांवर उभे राहून कुजबुजत आणि मी दिसताच गप्प होत. मी वहीत लिहिले, ‘गटभावना वाढीस लागली आहे.’

आणि गुण वाढत होते. प्रेरणेची सरासरी पाचपैकी दोन पूर्णांक एकवरून चार पूर्णांक सहावर गेली. व्याख्यानाचा गटसुद्धा मागे नव्हता. हे मला अपेक्षित नव्हते. पण माझी व्याख्याने मी ऐकली होती आणि ती वाईट नव्हती. वॉशरच्या मूलतत्त्वावर तर मी सलग चाळीस मिनिटे बोललो होतो. अभिमानाने मी आलेख काढला आणि फ्रिजवर चिकटवला. बायकोने आलेख पाहिला, मग नळ पाहिला.

“आलेख वर चाललाय आणि पाणी खाली,” ती म्हणाली. “तू मध्ये नक्की काय करतोस?”

शेवटच्या आठवड्यात शुक्रवारची संधी हुकली, म्हणून पाहणीच्या शनिवारी दुपारी मी जुना वॉशर शेवटचा बसवायला घेतला. त्या दिवशी नळाचा वरचा भाग नेहमीसारखा घट्ट बसेना. नुसताच गोल फिरत राहिला. वेळ कमी होता. तो फिरेनासा होईपर्यंत फिरवला आणि निघालेला नवा वॉशर पाकिटात घालून ते खिशात ठेवले.

बाई वेळेवर आल्या. आठही प्रौढ ओट्याभोवती अर्धवर्तुळात उभे होते, इस्त्रीच्या कपड्यांत. मी प्रस्तावना केली, आलेख दाखवला, परिस्थिती समान कशी राखली आहे ते विशेष सांगितले. परीक्षेचा नियमही सगळ्यांना ऐकवला: ज्याची चिठ्ठी निघेल त्यानेच पुढे यायचे, इतरांनी कोणत्याही कारणाने मदत करायची नाही. बाईंनी मान डोलावली. मग खडूची सवय असलेल्या माणसाप्रमाणे त्या सहज हात धुवायला पुढे झाल्या आणि त्यांनी नळ उघडला.

नळाचा वरचा भाग आलेखावर जाऊन आदळला. पाण्याचा फवारा छताला लागला आणि तिथून बाईंच्या चष्म्यावर उतरला. मी ओट्याखाली झेप घेतली आणि तो छोटा व्हॉल्व्ह असा जोर लावून फिरवला की त्याची मूठ माझ्या हातात आली. ती घेऊन मी बाहेर आलो आणि म्हणालो, “किंचित थांबावं लागेल.”

आठही जण थांबले होतेच. नियम मीच घातला होता. पाणी त्यांच्या घोट्यांपाशी पोचले, तरी अर्धवर्तुळ जागचे हलले नाही.

“आम्ही काही करायचं,” हेडसरांनी शांतपणे विचारले, “की तुम्ही नोंद घेताय?”

तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला.

“जावईबापू, बाजूला व्हा.”

ज्या गुडघ्यांसाठी त्या तीन महिने आमच्याकडे होत्या, त्या गुडघ्यांनी त्यांना चार ढांगांत बोळात नेले. तिथे माझे संदर्भग्रंथ भिंतीला लावून रचलेले होते. सासूबाईंनी प्रौढ शिक्षणावरचे पाच जाड खंड एका हाताने आडवे केले (पाण्यात, पण आता त्याचे काय), आणि त्यांच्या मागून घराचा मुख्य व्हॉल्व्ह प्रकट झाला. दीड वर्षे मी त्या घरात राहत होतो. तिथे व्हॉल्व्ह आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी तो उजवीकडे फिरवला. फवारा खाली आला, बुटका झाला, थांबला.

शिंप्यांनी तोवर नळाच्या तोंडाशी फडके आवळून बांधलेही होते, आणि गाठ पाहून वाटत होते की ती आता कात्रीनेच सुटेल. हेडसर नळावर वाकले आणि त्यांनी बोट फिरवून पाहिले.

“आटे गेलेत,” ते म्हणाले. “वर्षानुवर्षं उघडझाप केल्याशिवाय असे जात नाहीत. हा नळ एवढ्या वेळा उघडला कुणी?”

नेमके त्याच वेळी माझ्या भिजलेल्या खिशातून पाकीट घसरले आणि अक्षरांची बाजू वर ठेवून पाण्यावर तरंगू लागले. हेडसरांनी ते उचलले. वर्गात पकडलेली चिठ्ठी वाचावी, तसे त्यांनी ते सर्वांना ऐकू जाईल असे वाचले, कंसासकट.

“म्हणजे माझा नळ गळत नव्हता,” ते म्हणाले.

“नाही, सर.”

“सहा आठवडे.”

“परिस्थिती समान राखणं आवश्यक होतं, सर.”

“मी डोळे तपासून आलो,” हेडसर म्हणाले. “मला वाटलं, हात गेला आपला.”

मी मान खाली घातली. पायाशी आलेख विरघळत होता.

बाईंनी चष्मा पुसला. त्यांनी सासूबाईंना विचारले, की तुम्ही तर व्याख्यानाच्या गटात होता, तुम्हाला तो व्हॉल्व्ह कसा माहीत? सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. नापास मुलाचे प्रगतिपुस्तक पाहुण्यांसमोर उघडायला आई कचरते, तशा त्या कचरल्या.

मग सगळेच बाहेर आले. व्याख्यानातले सोमवारच्या गटाला काडीचेही कळत नव्हते. म्हणून दर मंगळवारी हेडसर त्यांना आपल्या घरी बोलावून आपल्या नळावर शिकवत होते. नळ पुन्हा पुन्हा गळतो, म्हणजे आपलेच काही चुकते, या चिंतेने गुरुवारचा गटही तिथे जाऊ लागला होता. मुख्य व्हॉल्व्ह प्रत्येकाच्या घरात एकाच जागी आहे, हे त्यांनी चौथ्या मंगळवारी शोधून काढले होते. मी ज्यांना दोन गट समजत होतो, तो जवळजवळ सुरुवातीपासून एकच गट होता.

“पण प्रश्नावल्या?” मी विचारले. “गुण तर वाढत होते.”

“सगळीकडे चार नाहीतर पाचच लिहायचं ठरलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “पोराची परीक्षा होती.”

घोटाभर पाण्यात उभे राहून मी सहा आठवड्यांची माहिती मनातल्या मनात खोडली. एक वर्ष पुढे. रविवारचा फोन उद्याच होता.

“प्रयोग कोलमडलाय,” बाई म्हणाल्या. त्यात मतभेदाला जागा नव्हती. मग त्या सासूबाईंकडे वळल्या. “घरातलं काही बिघडलं तर आधी काय वाटतं तुम्हाला?”

सासूबाईंनी पदराला हात पुसले. “आधी बघावं वाटतं. आपल्याच्यानं होतंय का ते. नाहीच झालं तर आहेच माणूस.”

त्या हे पाच गुणांसाठी बोलत नव्हत्या; प्रश्नावली तर केव्हाच लगदा झाली होती. मला लपवायचे कारण नाही: त्या क्षणी माझा ऊर भरून आला. माझ्या हातात तुटकी मूठ होती, माझे काहीही सिद्ध झालेले नव्हते. आणि समोर आठ माणसे चिंब कपड्यांत अशी ताठ उभी होती, जशी कुणी सन्मानपत्र देऊन उभी केली असावीत. हेडसरसुद्धा. विशेषतः हेडसर.

बाईंनी ओट्याचा एक कोरडा कोपरा शोधून माझ्या अर्जावर सही केली.

“जसं झालं तसं लिहा,” त्या म्हणाल्या. “पाकिटासकट. आणि तुलनेसाठी तिसरा गट नव्हता तुमच्या आराखड्यात, ज्याच्यावर शिकवण्याचा काही परिणाम होत नाही असा.”

मी कबूल केले की ती उणीव होती.

“उणीव नाही,” त्यांनी माझ्या हातातल्या मुठीकडे पाहिले. “एक जण सहा आठवडे सगळ्या तासांना हजर होता.”

दुसऱ्या दिवशी नवा नळ आला. हेडसरांनी माझ्याशी अद्याप बोलायला सुरुवात केलेली नव्हती. पण पाना घेऊन ते आले, आणि टेप गुंडाळायचे काम सासूबाईंनी हातात घेतले. मी ओट्याखाली पाठीवर पडून टॉर्च धरला होता. (कुणीतरी धरणे आवश्यक होते.) तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी तो खांद्याने कानाशी धरला, हातातले काम न थांबवता.

शनिवारची सगळी हकिकत त्यांनी बहिणीला सांगितली. पाणी किती होते ते थोडे वाढवून सांगितले. माझ्या मते गुडघ्याइतके नव्हते. “हो, मीच बंद केलं. मीच म्हणजे काय, मीच,” हे वाक्य तीनदा आले. मी खालून ऐकत होतो आणि या बाईंना आपण शिकवले, या विचाराने माझी छाती त्या अडचणीच्या जागेतही फुगली होती. मग पलीकडून नेहमीचा प्रश्न आला असावा. सासूबाईंनी वाकून ओट्याखाली पाहिले. या वेळी त्यांनी आवाज मुळीच खाली आणला नाही.

“जावई ना? ते अजून शिकतायत,” त्या म्हणाल्या. “पण टॉर्च आता बरा धरतात.”